गेलेला आवाज आणि घरातले कान



या वेळी एका घराची हकीकत सांगून मग विषयाकडे वळतो. घर आमच्या बाळापुरातलेच. नावाची आवश्यकता नाही, कारण अशी घरे गावोगावी आहेत.

गृहस्थ एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक. गाडी पारस फाट्याला आली की शेवटच्या बाकावर झोपलेला प्रवासी त्यांच्या आवाजाने जागा होत असे. चाळीस वर्षे बिडीची सवय. आवाज घोगरा झाला तेव्हा चार महिने ‘उन्हाने घसा बसला’ म्हणून गुळण्या केल्या. पुढे तपासणीत स्वरयंत्राचा कर्करोग निघाला. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया होऊन संपूर्ण स्वरयंत्र काढले गेले, त्यानंतर किरणोपचार झाले. रोग आटोक्यात आला. बोलण्यासाठी एक विजेवर चालणारे यंत्रही मुलाने विकत आणून दिले.

सात महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो तो त्यांच्या पत्नीचा रक्तदाब पाहण्यासाठी. काका खाटेवर बसून होते, मांडीवर पाटी-पेन्सिल. मी विचारपूस केली, त्यांनी पाटीवर उत्तर लिहिले. मी विचारले, ‘‘काकू, घरात हे तुमच्याशी कसे बोलतात?’’ काकू ओशाळून म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, मले कुठी वाचता येते?’’

ज्या बाईबरोबर पंचेचाळीस वर्षे संसार केला, तिच्याशी एक शब्द बोलण्याचा मार्ग त्या माणसाला सात महिने उपलब्ध नव्हता. यंत्र कपाटात होते आणि त्याची बॅटरी पूर्ण उतरलेली होती. दोष केवळ त्या कुटुंबाचा नव्हे. या सात महिन्यांत काकू चार वेळा माझ्याकडे येऊन गेल्या होत्या आणि ‘काका बोलू लागले का’ हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. म्हणूनच आजचा लेख.

आवाज जातो, बोलणे जात नाही

प्रथम एक मूलभूत गोष्ट समजून घेऊ. स्वरयंत्र केवळ ध्वनी निर्माण करते. त्या ध्वनीचे शब्द बनवण्याचे काम जीभ, ओठ, दात, टाळू आणि गाल करतात. संपूर्ण स्वरयंत्र काढल्यावर श्वासनलिकेचे वरचे टोक मानेच्या पुढच्या भागात एका छिद्राशी जोडले जाते. त्याला स्टोमा म्हणतात. यापुढे श्वास नाकातोंडातून नव्हे, याच छिद्रातून चालतो. फुप्फुसातली हवा तोंडापर्यंत पोहोचत नाही आणि कंप पावणारे स्वरतंतूही राहत नाहीत, म्हणून आवाज उमटत नाही. पण शब्द घडवणारा सारा कारखाना जागेवर शाबूत असतो. त्याला हवा असतो फक्त कच्चा माल, म्हणजे ध्वनी.

हा ध्वनी मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, हवा अन्ननलिकेत घेऊन ती ढेकरेसारखी बाहेर सोडत बोलणे. यास यंत्र लागत नाही, पण शिकण्यास अनेक महिने लागतात आणि सर्वांना ते साधतेच असे नाही. दुसरा मार्ग, श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये लहानशी झडप बसवणे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एरिक ब्लॉम व मार्क सिंगर यांनी ही पद्धत रूढ केली. बेंगळुरूचे शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी अशीच अत्यल्प किमतीची झडप भारतात तयार केली. यात आवाज सर्वांत नैसर्गिक येतो, मात्र झडपेची रोज स्वच्छता करावी लागते आणि ती ठरावीक काळाने बदलावी लागते. तिसरा मार्ग म्हणजे इलेक्ट्रोलॅरिंक्स, ज्याला आपण ‘बोलण्याचे यंत्र’ म्हणू.

ही कल्पना फार जुनी आहे. ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगासाठी पहिल्यांदा संपूर्ण स्वरयंत्र काढले, तेव्हाच त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र बनवले होते. म्हणजे आवाज काढून घेणाऱ्यांनी तो परत देण्याचा विचार त्याच वेळी केला होता. ट्रान्झिस्टर आल्यावर १९६० च्या सुमारास हाती धरण्याजोगे विजेरी यंत्र तयार झाले. आजची यंत्रे तत्त्वतः तशीच आहेत.

यंत्र कसे वापरावे

लहान विजेरीएवढे हे यंत्र असते. त्याच्या टोकाशी कंप पावणारी चकती असते. बटण दाबले की ती गुणगुणते. चकती मानेच्या त्वचेवर टेकवली की कंपने आत घशात व तोंडात पोहोचतात आणि आपण जीभ-ओठ हलवले की त्या गुणगुणीचे शब्द होतात. ऐकण्यास सोपे, करण्यास मात्र सराव लागतो. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, नेमकी जागा शोधणे. हनुवटीच्या खाली, मानेच्या एका बाजूस, जिथे त्वचा मऊ आहे तिथे चकती पूर्ण सपाट टेकवावी. कड उचललेली राहिली तर आवाज आत जाण्याऐवजी बाहेर भणभणतो. ‘आ’ म्हणण्यासारखे तोंड उघडून यंत्र थोडे थोडे सरकवत जावे. ज्या जागी तोंडातून येणारा ध्वनी सर्वांत मोठा व स्वच्छ, ती आपली जागा. आरशासमोर बसून ती पक्की करावी. किरणोपचारानंतर मान कडक किंवा सुजलेली असेल तर दुसरी बाजू किंवा गालाची जागा पाहावी. तिथेही जमत नसेल तर यंत्राला जोडता येणारी बारीक नळी मिळते. ती ओठांच्या कोपऱ्यातून थोडी आत ठेवून बोलता येते. शस्त्रक्रियेची जखम भरलेली नसतानाही या नळीच्या साहाय्याने सुरुवात होऊ शकते.

दुसरी, हाताची निवड. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने यंत्र डाव्या हातात धरण्याची सवय लावावी. उजवा हात जेवण, सही, नमस्कार यांसाठी मोकळा राहतो.

तिसरी, बटणाची लय. वाक्याच्या आरंभी दाबावे, विरामाला सोडावे. बटण सतत दाबून ठेवले तर शब्द एकमेकांत मिसळून जातात. वाक्ये लहान ठेवावीत.

चौथी, श्वास शांत ठेवणे. जुन्या सवयीने माणूस बोलताना श्वास जोराने सोडतो आणि स्टोमातून ‘फुस्स’ असा आवाज येऊन शब्द झाकले जातात. या बोलण्यात फुप्फुसाच्या हवेचा काही उपयोग नाही. संथ श्वास चालू द्यावा आणि तोंड नेहमीपेक्षा थोडे अधिक उघडून स्पष्ट उच्चार करावा.

आता आपल्या भाषेची एक अडचण. यंत्राची गुणगुण अखंड चालते, म्हणून ‘प’ हा ‘ब’सारखा, ‘त’ हा ‘द’सारखा आणि ‘क’ हा ‘ग’सारखा ऐकू येतो. ‘काका’ म्हटले तर ‘गागा’, ‘पाणी’ म्हटले तर ‘बाणी’, ‘ताई’ म्हटले तर ‘दाई’. ‘ह’ला श्वास लागतो, तो तर जवळजवळ लुप्तच होतो. ‘नाही’चे ‘नाई’ होते. आम्हा वऱ्हाडकरांना त्याची मुळीच अडचण नाही! यावर दोन उपाय आहेत. एक, गालात साठलेल्या थोड्याशा हवेचा ओठ-जिभेने छोटासा फटका देऊन ‘प’, ‘त’, ‘क’ उच्चारावेत. वाचोपचारतज्ज्ञ हे शिकवतात. दोन, सुटा शब्द न बोलता संदर्भासह बोलावे. नुसते ‘पाणी’ कळणार नाही, पण ‘तहान लागली, पाणी दे’ हे सहज कळते.

सरावाची सुरुवात सोप्या वर्णांनी करावी. स्वर, तसेच म, न, ल, र, ब, द, ग हे या यंत्राचे मित्र आहेत. आई, बाबा, मामा, नाना, राम, गंगा येथून आरंभ करावा. मग एक ते वीस अंक, वारांची नावे, घरातल्या माणसांची नावे. दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे पुरेत. दमेपर्यंत सराव केला तर कंटाळा येतो आणि यंत्र कपाटात जाते.

घरच्यांनी काय करावे

आता हा भाग सेवा करणाऱ्यांसाठी, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. यंत्राचा आवाज एकसुरी असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धक्का बसतो. आमच्या काकू मला म्हणाल्या होत्या, ‘‘त्या मशिनीचा आवाज आयकला का माह्या जिवाले कसंतरीच होते.’’ खरे आहे. ओळखीचा आवाज कायमचा गेला, ही जाणीव तो नवा आवाज दर वेळी करून देतो. हे दुःख घरच्यांनी लपवण्याचे कारण नाही. पण तोंडावर नापसंती दिसली की रुग्ण दुसऱ्यांदा यंत्र उचलत नाही, हेही तितकेच खरे. कानाला सवय होण्यास दोन-तीन आठवडे द्यावेत. नंतर त्या सपाट ध्वनीतही आपले माणूस ऐकू येऊ लागते.

बोलताना समोर बसावे, ओठ पाहावेत. दूरदर्शन संच, मिक्सर, आणि विशेषतः कूलर बंद करावा. आमच्या भागात उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो आणि चार महिने घरात कूलर घरघरत असतो. यंत्राचा आवाज त्यात पूर्ण बुडतो. दोन मिनिटे कूलर बंद केल्याने कोणी भाजत नाही.

समजले तेवढे आपण उच्चारून दाखवावे: ‘‘बँकेचे म्हणता ना? पुढचे पुन्हा सांगा.’’ न समजता मान डोलवू नये. ते त्यांना लगेच कळते. वाक्य त्यांच्या तोंडून काढून घेऊन आपण पूर्ण करू नये. त्यांच्याशी ओरडून बोलू नये. आवाज गेला आहे, कान गेलेले नाहीत. त्यांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पाहुण्यांना आपण देऊ नये.

उलट, ऐकणाऱ्याच्या कानाकडे मात्र अवश्य लक्ष द्यावे. वृद्ध जोडप्यांत ही गोष्ट हमखास सुटते. आमच्या काकूंना दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होते आणि आजवर काकांचा आवाज दांडगा असल्याने ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. रुग्णाच्या घशावर एवढा खर्च झाला, पण पत्नीच्या कानाची तपासणी झाली नव्हती. तिला श्रवणयंत्र मिळाल्यावर काकांच्या यंत्राचा निम्मा प्रश्न सुटला.

नातवंडांना आधी समजावून सांगावे आणि यंत्र हातात घेऊन बटण दाबू द्यावे. भीती जाऊन कुतूहल येते. दूरध्वनीवर बोलताना मोबाइल तोंडाजवळ आणि यंत्रापासून दूर धरावा. पहिलेच वाक्य ‘‘मी यंत्राने बोलतोय, फोन ठेवू नका’’ असे असावे, कारण अनोळखी माणूस असा आवाज ऐकून फोन बंद करतो. महिला रुग्णांनी यंत्रातील स्वराची पट्टी उंच ठेवता येते का ते पाहावे. बहुतेक यंत्रांत तशी सोय असते.

बॅटरी मोबाइलप्रमाणे रोज रात्री चार्जिंगला लावावी. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून एक जादा बॅटरी तयार असावी. यंत्राला घाम व पाणी लागू देऊ नये. आणि पाटी फेकून देऊ नये. यंत्र बिघडले तर तीच उपयोगी पडते. काकूंसारख्या निरक्षर जोडीदारासाठी चित्रांचा एक कागद करावा: पाणी, औषध, वेदना, संडास, डॉक्टर.

प्राणाशी गाठ असलेल्या गोष्टी

संपूर्ण स्वरयंत्र काढलेला माणूस केवळ मानेतून श्वास घेतो. तो बेशुद्ध पडला तर तोंडाने श्वास देऊन किंवा नाकातोंडावर मास्क लावून उपयोग नाही. प्राणवायू स्टोमावरच द्यावा लागतो. छिद्र रुमालाने वा कपड्याने झाकलेले असेल तर प्रथम ते मोकळे करावे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना हे पहिल्याच वाक्यात सांगावे. रुग्णाच्या खिशात नेहमी एक चिठ्ठी असावी: ‘मी मानेतील छिद्रातून श्वास घेतो. प्राणवायू मानेवर द्या.’ ही चिठ्ठी मराठी व इंग्रजी दोन्हींत असावी. या एका चिठ्ठीने जीव वाचू शकतो.

नदीत, विहिरीत, तलावात उतरणे कायमचे बंद. आंघोळीत पाणी छिद्रात जाणार नाही अशी खबरदारी घ्यावी. नाकाने हवा गाळली व ओलावली जात नाही, म्हणून छिद्रावर मलमलचे स्वच्छ, सैल, किंचित ओलसर आच्छादन असावे. कापूस वेचणीच्या आणि तूर काढणीच्या दिवसांत धुळीपासून विशेष जपावे. घट्ट कफाची खपली साचून श्वास अडू शकतो. पाणी भरपूर प्यावे आणि डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे छिद्र स्वच्छ ठेवावे.

वास घेण्याची शक्ती बरीच कमी होते. गॅस गळती किंवा नासलेले अन्न त्यांना कळणार नाही, हे घरच्यांनी विसरू नये. किरणोपचार झालेल्यांत थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावण्याची शक्यता असते. सुस्ती, थंडी वाजणे, बद्धकोष्ठ, उदासी ही लक्षणे ‘आजारपणाची’ म्हणून सोडून न देता टी.एस.एच. तपासणी ठरावीक काळाने करावी. छिद्रातून रक्त, गिळताना नव्याने अडचण, मानेत गाठ किंवा श्वास लागणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

मदत कोठे मिळेल

यंत्र विकत घेण्यापूर्वी वाचोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी आणि शक्य तर ते स्वतःच्या मानेला लावून पाहावे. किमतींत मोठी तफावत असते आणि महागडे ते प्रत्येकाला सोयीचे असेलच असे नाही. मुंबईत १९४१ पासून कार्यरत असलेले टाटा स्मारक रुग्णालय, तसेच १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था ही या क्षेत्रातील मोठी केंद्रे. आपल्या विदर्भात नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथेच पुढील तारखेला ‘बोलण्याचे शिकवणारे कोण आहेत?’ असे आपणहून विचारावे. विचारल्याशिवाय पुष्कळदा ही गोष्ट राहून जाते.

आणखी एक हक्क अनेकांना ठाऊक नसतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत स्वरयंत्र काढल्याने आलेल्या कायमच्या दिव्यांगत्वाचा स्पष्ट उल्लेख करतो. तेव्हा दिव्यांगत्व प्रमाणपत्र व ओळखपत्र यांसाठी अर्ज करावा. शस्त्रक्रियेचे सर्व कागद एका फाइलमध्ये जपून ठेवावेत.

आणि ज्यांचा आवाज शाबूत आहे त्यांना एकच विनंती. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला तर गुळण्यांवर दिवस काढू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून घसा आतून तपासून घ्या. बिडी, सिगारेट ओढणाऱ्यांनी तर मुळीच थांबू नये. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर सापडला तर पुष्कळदा स्वरयंत्र वाचवता येते.

आता पुन्हा त्या घराकडे. बॅटरी चार्ज झाली, मानेवरची जागा सापडली, काकूंच्या कानाला श्रवणयंत्र आले. दीड महिन्यानंतर मी गेलो तेव्हा मुलगा आणि सून दोन एकर शेत बटाईने देण्याचे ठरवीत होते. काका खाटेवरून ऐकत होते. त्यांनी कूलरकडे बोट दाखवले, काकूंनी उठून तो बंद केला. काकांनी यंत्र मानेला लावले आणि सावकाश म्हणाले, ‘‘मले बी इचारत जा.’’

खोलीत कोणी काही बोलले नाही. मग मुलगा खुर्ची ओढून वडिलांसमोर बसला आणि म्हणाला, ‘‘सांगा बाबा, काय करायचं?’’

आपल्या घरात असे यंत्र कपाटात पडलेले असेल, तर हा अंक खाली ठेवल्यावर आधी ते चार्जिंगला लावा. आणि उद्या सकाळी त्यांच्यासमोर बसून एखादी गोष्ट त्यांना विचारा, जिचे उत्तर आपल्याला खरोखर हवे आहे.